वकिलाशिवाय जिल्हा ग्राहक आयोगात: तक्रार लिहिण्यापासून आदेशाच्या अंमलबजावणीपर्यंत

ग्राहक संरक्षण कायद्याने सामान्य माणसाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट नुकसानभरपाई नव्हे. स्वतःची तक्रार स्वतः मांडण्याची मुभा ही ती गोष्ट आहे. १९८६ च्या कायद्याने ही वाट खुली केली आणि २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ती अधिक सोपी केली. तरीही तीस-चाळीस हजारांच्या वस्तूसाठी भांडायचे तर वकिलाची फी त्याहून जास्त होईल, या भीतीने असंख्य लोक घरीच बसतात. ही भीती अनाठायी आहे. जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या जिल्हा पातळीवरील संस्थेत, उलटतपासणीची आतषबाजी नसते, प्रकरण मुख्यतः शपथपत्रे आणि कागदपत्रे यांवर चालते. म्हणून ज्याला आपली हकीकत तारखांसह सरळ लिहिता येते आणि कागद जपून ठेवता येतात, त्याला हे काम जमते.

या लेखात सातारा येथे राहणाऱ्या एका कल्पित ग्राहकाचे उदाहरण सोबत ठेवले आहे. त्याने एका संकेतस्थळावरून ३२,००० रुपयांचे वॉशिंग मशीन घेतले. ते पहिल्याच महिन्यात बंद पडले, सेवा केंद्राचा माणूस तीनदा येऊन गेला, आणि शेवटी कंपनीने "पाण्यामुळे बिघाड, वॉरंटी लागू नाही" असे कळवून हात झटकले.

आपले प्रकरण येथे चालते का

पहिला प्रश्न, आपण कायद्याच्या अर्थाने ग्राहक आहोत का? मोबदला देऊन, किंवा देण्याचे कबूल करून, वस्तू वा सेवा घेणारा तो ग्राहक. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी प्रयोजनासाठी घेणारा ग्राहक नव्हे. मात्र ज्याने स्वतः राबून पोट भरण्यासाठी पिठाची गिरणी, रिक्षा किंवा शिलाई यंत्र घेतले, तो ग्राहकच ठरतो. अशा माणसाने "स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी खरेदी केली" हे वाक्य तक्रारीत स्पष्ट लिहावे, कारण विरुद्ध बाजूचा पहिला आक्षेप नेमका तेथेच येतो.

सेवेत बँक, विमा, प्रवास, शिकवणी वर्ग, बांधकाम व्यावसायिक असे बरेच काही येते. डॉक्टरांची सेवा कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. जेथे सर्वच रुग्णांवर विनामूल्य उपचार होतात, ती रुग्णालये मात्र बाहेर राहिली. वकिलाच्या सेवेबद्दल येथे तक्रार करता येत नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. मित्राला दिलेले हातउसने पैसे, भाऊबंदकीतील जमिनीचा वाद, घरमालक-भाडेकरूचा तंटा ही प्रकरणे ग्राहक आयोगाची नाहीत. मुंबई-पुण्यातील लघुवाद न्यायालयाच्या नावामुळे लहान रकमेचा कोणताही दावा तेथे नेता येईल असे काहींना वाटते, परंतु त्या न्यायालयाचे मुख्य काम मालक-भाडेकरूंच्या वादांचे आहे.

दुसरा प्रश्न रकमेचा. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार, वस्तू वा सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग. येथे दिलेला मोबदला मोजतात, मागितलेली भरपाई नव्हे. विम्याच्या बाबतीत भरलेला हप्ता पाहतात. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची प्रकरणे जिल्हा आयोगातच बसतात. शुल्कही मोबदल्यावरच ठरते: ५ लाखांपर्यंत काहीही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये.

तिसरा प्रश्न ठिकाणाचा. २०१९ च्या कायद्याने येथे फार मोठा दिलासा दिला. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला, आपल्या ग्राहकाला साताऱ्याबाहेर पाऊल टाकावे लागत नाही. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत "वाद लवादाकडे जाईल" असे छापलेले असले तरी त्याने आयोगाचे दार बंद होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

चौथा प्रश्न मुदतीचा, आणि याच ठिकाणी चांगली प्रकरणे हातची जातात. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. कंपनीशी ईमेल चालू आहेत, ग्राहक सेवा केंद्र "पाहतो" म्हणते आहे, म्हणून मुदत आपोआप पुढे सरकत नाही. विमा दावा नाकारला असेल तर नकाराच्या पत्राची तारीख धरून मोजणी करावी. उशीर झालाच तर तक्रारीसोबत विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज आणि शपथपत्र द्यावे लागते. त्यात दवाखान्याचे कागद, बदलीचा आदेश अशा पुराव्यांसह कारण दाखवावे लागते. दोन वर्षे आहेत म्हणून पावणेदोन वर्षे थांबू नये. वस्तू जितकी जुनी होते, तितके "बिघाड वापरामुळे झाला" हे म्हणणे कंपनीला सोपे जाते.

तक्रारीआधीचे काम

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आधी लावून पाहावा. ती न्यायालय नाही आणि आदेश देऊ शकत नाही, पण कंपनीपर्यंत तक्रार पोहोचवते, आणि बरीच भांडणे तेवढ्यावरच मिटतात. न मिटल्यास तक्रारीचा नोंदणी क्रमांक आणि कंपनीचे उत्तर जपून ठेवावे, ते पुढे पुरावा म्हणून कामी येते.

त्यानंतर नोटीस. कायद्याने ती सक्तीची नसली तरी द्यावीच, कारण "आम्हाला कधी कळवलेच नाही" हा बचाव तिने संपतो. नोटीस वकिलानेच द्यावी असे नाही. साध्या कागदावर आपले नाव-पत्ता, खरेदीची तारीख, पावती क्रमांक, काय घडले ते चार-पाच वाक्यांत, नेमकी मागणी आणि १५ दिवसांची मुदत एवढे लिहावे. धमक्या आणि विशेषणे टाळावीत, कारण हाच कागद उद्या आयोगापुढे जाणार आहे. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी, पोच मिळाल्याचा पुरावा काढून ठेवावा आणि सोबत ईमेलही करावा. नोंदणीकृत डाक सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, त्यामुळे जुने लोक "रजिस्टर एडी करा" म्हणाले तरी खिडकीवर स्पीड पोस्टच मागावे.

याच काळात कागद जमवावेत: पावती, वॉरंटी कार्ड, पैसे दिल्याचा बँक उतारा, सेवा केंद्राच्या प्रत्येक भेटीची नोंद, संदेश आणि ईमेल. सेवा केंद्राचा माणूस तपासणीचा कागद न देता निघाला, तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करावा की "आज आपला प्रतिनिधी येऊन गेला, त्याने अमुक दोष सांगितला." त्याच दिवशीच्या अशा ईमेलला नंतर आठवून लिहिलेल्या शपथपत्रापेक्षा अधिक वजन असते. मोबाइलवरील संदेशांची छायाचित्रे छापून द्यायची असतील, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसारचे प्रमाणपत्र जोडावे. आयोगाची कार्यपद्धती दिवाणी न्यायालयाइतकी काटेकोर नसली तरी यामुळे आक्षेपाला जागा उरत नाही.

तक्रार अर्ज कसा लिहावा

माझे स्पष्ट मत असे आहे की तक्रार लिहिताना शेवटचे पान, म्हणजे मागणीचे कलम, आधी लिहावे. स्वतः लिहिलेल्या अनेक तक्रारी हकिकतीत भक्कम आणि मागणीत ढिल्या असतात. "मला न्याय मिळावा आणि योग्य ती भरपाई मिळावी" या वाक्यावर आयोगाला आकडा बसवता येत नाही. आपल्या साताऱ्याच्या ग्राहकाने पुढीलप्रमाणे मागावे: मशीनची किंमत ३२,००० रुपये, पैसे दिल्याच्या तारखेपासून प्रत्यक्ष मिळेपर्यंत दरसाल ९ टक्के व्याजासह परत मिळावी, किंवा पर्यायाने त्याच प्रतीचे नवीन मशीन नव्या वॉरंटीसह मिळावे; शारीरिक-मानसिक त्रासापोटी १०,००० रुपये आणि तक्रारीच्या खर्चापोटी ५,००० रुपये मिळावेत; आयोगास योग्य वाटेल तो अन्य आदेश व्हावा. बत्तीस हजारांच्या यंत्रासाठी पाच लाखांची भरपाई मागितल्याने रक्कम वाढत नाही, उलट मागणाऱ्याच्या शब्दावरचा विश्वास उणावतो. विशेष नुकसान झाले असेल, उदाहरणार्थ दवाखान्याचा खर्च, तर तो बिलांसह स्वतंत्रपणे मागावा.

मागणी निश्चित झाली की हकिकतीत काय हवे आणि काय नको हे आपोआप कळते. अर्जाच्या वर आयोगाचे नाव, मग तक्रारदाराचे पूर्ण नाव, वय, व्यवसाय, पत्ता, त्याखाली दुसऱ्या बाजूचे नाव-पत्ते. या दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रात कोठे विरुद्ध पक्ष, कोठे सामनेवाले, कोठे गैरअर्जदार लिहितात, आपल्या जिल्ह्यात जे रूढ असेल ते वापरावे. पक्षकार कोणाला करायचे हे विचारपूर्वक ठरवावे. पैसे घेणारा विक्रेता, वॉरंटी देणारा उत्पादक आणि ज्या संकेतस्थळावरून व्यवहार झाला ते, असे तिघेही असणे चांगले, नाहीतर प्रत्येक जण गैरहजर असलेल्याकडे बोट दाखवतो. दुकानाच्या पाटीवरचे नाव पुरेसे नाही. पावतीवरील कायदेशीर नाव घ्यावे, आणि कंपनी असेल तर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधावा. चुकीच्या पत्त्यावर गेलेली नोटीस परत येते आणि महिने वाया जातात.

हकीकत परिच्छेदांना क्रमांक देऊन, एका परिच्छेदात एकच घटना, तारखेच्या क्रमाने लिहावी. "दि. अमुक रोजी तक्रारदाराने विरुद्ध पक्ष क्र. १ यांच्याकडून वॉशिंग मशीन खरेदी केले. पावतीची प्रत निशाणी १ वर जोडली आहे." असे प्रत्येक विधान कागदाशी बांधले गेले पाहिजे. त्यानंतर विरुद्ध पक्षाने नेमकी काय चूक केली ते लिहावे: वस्तूत दोष, सेवेत त्रुटी, की अनुचित व्यापारी प्रथा. शेवटी वादाचे कारण केव्हा घडले, तक्रार मुदतीत कशी आहे, आयोगाला स्थळाचे आणि रकमेचे अधिकारक्षेत्र कसे आहे आणि याच वादाबाबत अन्यत्र प्रकरण प्रलंबित नाही, ही चार विधाने करावीत. तक्रार मराठीत चालते. कायद्याची कलमे ठासून भरण्याची गरज नाही. मात्र प्रकरण पुढे राष्ट्रीय आयोगात गेले, तर कागदांचे इंग्रजी भाषांतर लागते.

अर्जाला सत्यापन (मजकूर खरा असल्याचे सहीनिशी निवेदन), नोटरीपुढे केलेले शपथपत्र, कागदपत्रांची यादी आणि छायाप्रती जोडून सर्व पानांना सलग क्रमांक द्यावेत. मूळ कागद दाखल करू नयेत, सुनावणीला सोबत न्यावेत. प्रतींचे संच साधारणतः आयोगासाठी तीन आणि प्रत्येक विरुद्ध पक्षासाठी एक लागतात. आयोगाच्या कार्यालयात एकदा विचारून घेतले की फेरी वाचते. घरबसल्या दाखल करायचे असेल तर १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे संकेतस्थळ उपलब्ध आहे, तेथे नोंदणी करून तक्रार आणि कागद चढवता येतात. ऑनलाइन दाखल केल्यानंतर मोबाइलवरील संदेश आणि ईमेल नियमित पाहावेत, कारण छाननीत काढलेल्या त्रुटी तेथेच कळवल्या जातात आणि त्या वेळेत दुरुस्त न केल्यास अर्ज तसाच पडून राहतो.

दाखल सुनावणी ते युक्तिवाद

पहिली तारीख दाखल सुनावणीची. तक्रार दाखल करून घेण्याजोगी आहे का, एवढेच त्या दिवशी पाहतात, आणि कायद्यानुसार हा निर्णय साधारणतः २१ दिवसांत व्हायला हवा. तक्रारदाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय तक्रार फेटाळता येत नाही. त्या दिवशी कोणी विचारले तर दोन मिनिटांत सांगता यावे: काय घेतले, कितीला, काय बिघडले, काय हवे, आणि मुदत व अधिकारक्षेत्र कसे आहे. तातडीचे काही असेल, जसे बँकेने वादग्रस्त हप्त्यांची वसुली सुरू केली आहे, तर अंतरिम आदेशाचा अर्ज तेव्हाच द्यावा.

दाखल झाल्यावर विरुद्ध पक्षाला नोटीस निघते. त्याने ३० दिवसांत लेखी जबाब द्यायचा असतो आणि आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितले आहे की हे ४५ दिवस बंधनकारक आहेत आणि ते तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून मोजायचे. स्वतः बाजू मांडणाऱ्याच्या हातातील हे प्रभावी साधन आहे. नोटीस केव्हा बजावली गेली याचा टपालाचा पुरावा दाखल करावा, पंचेचाळीस दिवसांनंतर जबाब आला तर लेखी हरकत घ्यावी, आणि कोणीच हजर झाले नाही तर प्रकरण एकतर्फा चालवण्याची विनंती करावी.

पहिल्या सुनावणीत किंवा नंतर आयोग मध्यस्थीचे विचारू शकतो. ती दोघांच्या लेखी संमतीनेच होते. किरकोळ वस्तूंच्या वादात ती घ्यावी असे मी सुचवीन, कारण महिन्याभरात मिळालेले नवे यंत्र दोन वर्षांनी मिळणाऱ्या आदेशापेक्षा उपयोगी पडते. तडजोड झाली तर रक्कम, तारीख आणि हप्ता चुकल्यास काय, हे तिन्ही मुद्दे कागदावर उतरले आहेत याची खात्री झाल्याशिवाय सही करू नये.

जबाब हाती आला की घाबरून जाऊ नये. त्यात बहुतेक वेळा छापील नमुन्यातले आक्षेप असतात: तक्रारदार ग्राहक नाही, अधिकारक्षेत्र नाही, तक्रार मुदतबाह्य आहे, बिघाड वापरामुळे झाला. जबाब परिच्छेदवार वाचून, जे विधान खोटे आहे त्यापुढे ते खोडणारा कागद लिहावा, आणि त्यावरून प्रत्युत्तर तसेच पुराव्याचे शपथपत्र तयार करावे. आपल्या ग्राहकाच्या प्रकरणात "पाण्यामुळे बिघाड" हे सांगणारा अहवाल कोणी, केव्हा, कशाच्या आधारे दिला, हा कळीचा मुद्दा आहे. अहवालाखाली सही आणि तंत्रज्ञाचे शपथपत्र नसेल, तर तेच ठळकपणे मांडावे. दोष तपासणीशिवाय सिद्ध होणार नसेल, तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अर्ज करता येतो. तिचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते. म्हणून निकाल लागेपर्यंत सदोष वस्तू भंगारात देऊ नये. साक्षीदाराला प्रश्न विचारायचे असतील तर सहसा लेखी प्रश्नावली देतात आणि उत्तरेही शपथेवर लेखीच येतात. सर्व पुरावा संपला की "आता अधिक पुरावा द्यावयाचा नाही" अशी पुरसिस दाखल करायची.

कायदा म्हणतो की विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांत, प्रकरण निकाली काढावे. प्रत्यक्षात याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. अध्यक्ष आणि किमान एक सदस्य असल्याशिवाय कामकाज होत नाही, त्यामुळे पदे रिक्त असली की नुसत्या तारखा पडतात. या काळात एकच नियम कसोशीने पाळावा: तारीख चुकवू नये. तक्रारदार गैरहजर राहिला तर आयोग तक्रार काढून टाकू शकतो, आणि तशी काढलेली तक्रार पूर्ववत करण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले आहे. मग राज्य आयोगात अपील करण्यावाचून मार्ग उरत नाही. येणे अशक्य असेल तर आदल्या दिवशीच लेखी अर्ज द्यावा, किंवा दूरदृश्य प्रणालीने सुनावणी मागावी. कायद्यात तशी तरतूद आहे. विश्वासातल्या माणसाला अधिकारपत्र देऊनही पाठवता येते. ग्राहक मंचांपुढे (आयोगांचे हे जुने नाव) वकील नसलेल्या प्रतिनिधीने बाजू मांडावी की नाही, हा वाद मुंबईतील प्रकरणांतूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि २०११ मध्ये अशा प्रतिनिधींच्या बाजूने निकाल लागला. व्यवसाय म्हणून हे काम करणाऱ्यांना मात्र आता वेगळे नियम लागू आहेत.

युक्तिवादाच्या दिवशी बोलण्यापेक्षा लेखी युक्तिवादावर मेहनत घ्यावी, कारण आदेश लिहिताना सदस्यांसमोर तोच कागद असतो. दोन-तीन पाने पुरेत: तारखांचा तक्ता, मुद्दे, प्रत्येक मुद्द्यासमोर पान क्रमांक, शेवटी मागणी. तोंडी बोलताना विरुद्ध वकिलाशी वाद घालू नये, फक्त आयोगाला उद्देशून बोलावे, आणि प्रश्न आला की आधी त्याचे उत्तर द्यावे, मग आपले राहिलेले वाक्य पूर्ण करावे. प्रत्येक तारखेनंतर रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद, वाचावा. आपण दिलेल्या कागदाची नोंद त्यात नसेल तर लगेच निदर्शनास आणावे.

आदेशानंतर

आदेशाची प्रमाणित प्रत मिळताच तिच्यावरील तारीख पाहावी, कारण राज्य आयोगातील अपिलाचे ४५ दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजले जातात. महाराष्ट्राचा राज्य आयोग मुंबईत असून नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे त्याची खंडपीठे आहेत. ज्याला पैसे देण्याचा आदेश झाला आहे, त्याला अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणून लहान प्रकरणांत पुष्कळ कंपन्या अपील न करता आदेश पाळतात. आदेशात आकड्याची किंवा नावाची उघड चूक असेल, तर त्याच आयोगाकडे ३० दिवसांत पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. निकाल पटला नाही हे त्यासाठी कारण होत नाही.

मुदत उलटूनही पैसे आले नाहीत तर दोन मार्ग आहेत. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली आदेशाची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे होते, म्हणजे बँक खाते किंवा मालमत्ता जप्त करण्याची मागणी करता येते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्जासोबत आदेशाची प्रमाणित प्रत, तो विरुद्ध पक्षाला कळवल्याचा पुरावा, आणि आजपर्यंतच्या व्याजासह येणे रकमेचा हिशेब जोडावा. काही रक्कम आधी आली असेल तर ती वजा करून दाखवावी. कंपनीने पैसे थेट आयोगात जमा केले असतील, तर ते काढण्यासाठी ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील देऊन स्वतंत्र अर्ज करावा लागतो. कंपनीने अपील केले आहे का आणि तेथे स्थगिती मिळाली आहे का, हे त्याआधी ई-जागृतीवर पाहून घ्यावे, कारण स्थगिती असेल तर हा अर्ज तोपर्यंत पुढे सरकणार नाही.